व्हॉट्सॲपवर हसणाऱ्यांनो, जरा थांबा

सलाम मंडळी. सकाळपासून डोकं तापलंय, म्हणून इथेच लिहिते.

बुधवारच्या प्रार्थना सभेत आमच्या चर्चचे नवे पाळकसाहेब मोडक्यातोडक्या मराठीतून प्रार्थना करत होते. कोणीतरी गुपचूप शूटिंग केलं आणि ग्रुपवर टाकलं. खाली हसून हसून रडणाऱ्या चेहऱ्यांची रांग. माणूस डोळे मिटून देवाशी बोलतोय आणि तुम्ही मोबाईल धरून बसलात? प्रार्थनेत डोळे उघडे होते तुमचे, त्याचं काय?

पाळकसाहेब मिझोरामचे. मराठीशी त्यांची पहिली झटापट आमच्यामुळेच झाली. पुण्याहून निघताना आम्ही सांगितलं, ओझरला या. आमचं ओझर म्हणजे नाशिकच्या पुढचं, विमानाच्या कारखान्याचं, ज्याला लोक मिग म्हणतात. त्यांनी गाडीत बसून इमानदारीत 'ओझर' म्हटलं. कंडक्टरने विचारलं, "गणपतीला चाललात?" यातलं 'चाललात' तेवढं त्यांना कळलं. म्हणाले, हो. झालं! नारायणगावला उतरवलं, तिथून भाविकांच्या जीपमध्ये कोंबलं, आणि गळ्यात पांढरी कॉलर, काखेत बायबल अशा थाटात साहेब विघ्नहराच्या दारात. मला फोन, "ताई, मी ओझर आला. इथे खूप लोक आहे. सभा सुरू झाली?" मागे आरतीच्या घंटा.

तेवढ्यात एका हारवाल्या मावशींनी त्यांच्या हातातून फोन घेतला. "ताई, तुमचं मिगचं ओझर का? मग हे पाहुणे इकडं कुठं आले?" त्यांना स्वतःच्या स्टुलावर बसवलं, चहा पाजला, मुलाला गाडी काढायला लावून नारायणगावला नाशिकच्या बसमध्ये बसवून दिलं. 'आला'चं 'आलो' करायला गेल्या नाहीत की फिदीफिदी हसल्या नाहीत. त्यांचा आमच्या चर्चशी काय संबंध? आणि आपण, एकाच भाकरीत सहभागी होणारे, आपण व्हिडिओ काढतो.

मान्य आहे, पाळकाला मराठी नीट यायला हवी. सांत्वन सभेत भलताच शब्द गेला तर दुखावतं माणूस. पण शिकतायत ना ते?

आणि कोणाला हसताय? येशूचा शिष्य पेत्र शेकोटीशी शेकत बसला होता, तेव्हा अंगणातल्या लोकांनी त्याला ओळखलं ते बोलीवरून. मत्तय 26 काढून वाचा. गालीलकरांचे उच्चार यरुशलेमात लपत नसत. त्याच पेत्राने पुढे पन्नासाव्या दिवशी, म्हणजे पेंटेकॉस्टला, उभं राहून उपदेश केला, तो तुम्ही दरवर्षी ऐकता.

थॉमस स्टीफन्स हा इंग्रज 1579 मध्ये गोव्यात उतरला. त्याने पहिल्याच दिवशी ओव्या रचल्या असतील का? कोणाकडून तरी शिकला असेल, चुकला असेल, म्हणून तर 1616 मध्ये त्याचं ख्रिस्तावरचं मराठी पुराण छापून निघालं. पंडिता रमाबाई संस्कृतच्या एवढ्या विदुषी, पण मूळ शास्त्र वाचायचं म्हणून हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि अख्खं बायबल मराठीत आणलं. पाळकसाहेबांच्या मिझो भाषेला लिपी मिळाली तीही 1894 मध्ये आलेल्या परक्या मिशनऱ्यांनी ती भाषा शिकून घेतली म्हणून.

आपल्या नाशिकच्या शरणपूरचंच घ्या. गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं इथे आणून ठेवली होती. त्यातला जेकब वेनराइट 1873 मध्ये आफ्रिकेत मिशनरी-प्रवासी लिव्हिंगस्टनचं हृदय पुरलं, तेव्हा प्रार्थना वाचणारा. परक्या जिभेने वाचली त्याने. तिथे कोणी खिदळलं असेल असं मला नाही वाटत. शरणपूर रोडवरून रोज जाता, एवढं तरी माहीत असू द्या.

आणि हसणारे कोण? ज्यांच्या घरात मुलांना मराठीतलं गीत रोमन लिपीत लिहून द्यावं लागतं ते! जाऊ दे. तोंड उघडलं तर बरंच निघेल.

पोस्ट टाकणारा पोरगा वाईट नाही, मी त्याला लहानपणापासून ओळखते. गंमत वाटली असेल त्याला. पण बाळा, त्या हारवाल्या मावशींनाही गंमत वाटलीच असणार ना रे? कॉलरवाले साहेब गणपतीच्या रांगेत, कोणाला हसू येणार नाही? तरी त्यांनी आधी चहा दिला.

पाळकसाहेब संध्याकाळी आमच्या आईकडे शिकायला येतात. आई निवृत्त शिक्षिका, लाल पेन अजून सुटलेलं नाही. फुलस्केप वहीत तीन उभे रकाने आखून दिलेत: तो, ती, ते. त्यांच्या भाषेत खुर्ची-टेबलाला लिंग नसतं, त्यामुळे बिचारे हैराण. परवा विचारत होते, टेबल 'ते' आणि खुर्ची 'ती' का? आई म्हणाली, "कारण मी सांगते म्हणून." त्यांनी मान डोलावून लिहून घेतलं.

खरी पंचाईत आकड्यांची आहे. मागे गीताचा नंबर एकोणसत्तर सांगायचा तो एकोणऐंशी सांगितला. पेटीवाल्याने एक गीत धरलं, मंडळीने दुसरं. आता आईचा हुकूम आहे, एकोणवाली गीतं तूर्त घ्यायचीच नाहीत. शंभर, दोनशे, तीनशे, एवढ्यावर भागवा.