फोटोवरून म्हणे सात हजार आजार ओळखतो!

"मुलाचा फोटो टाका, लक्षणं लिहा. कॉम्प्युटर ७००० दुर्मीळ आजारांपैकी नेमका कोणता ते मिनिटात सांगतो, अचूकता ९१ टक्के. काही निघालं नाही तर मूल ठणठणीत, जनुकीय चाचणीची गरजच नाही. डॉक्टर हे मुद्दाम लपवतात." हा फॉरवर्ड तुमच्याकडेही आला असेल. एरवी असलं काही मी वाचून सोडून देते. पण या वेळी तो माझ्या मामेबहिणीने वाचला. तिच्या मुलाची जनुकीय चाचणी ठरली आहे आणि ती मला विचारते, "अगं, मग रद्द करू का?" म्हणून हा खटाटोप.

आधी ते ९१ टक्के. आकडा खोटा नाही, म्हणूनच जास्त चीड येते. २०१९ साली 'नेचर मेडिसिन' या वैद्यकीय नियतकालिकात डीपजेस्टाल्ट या, चेहऱ्याच्या फोटोवरून आजार सुचवणाऱ्या तंत्रावरचा शोधनिबंध आला. फेस२जीन नावाचं साधन त्यावरच चालतं. त्या शोधनिबंधात ५०२ फोटो तपासले होते. प्रत्येक फोटोसाठी कॉम्प्युटरने संभाव्य सिंड्रोमची (ठरावीक लक्षणं एकत्र दिसणाऱ्या आजारांची) यादी दिली आणि खरं नाव त्यातल्या पहिल्या दहांत सापडण्याचं प्रमाण निघालं ९१ टक्के. पहिल्या दहांत! 'नेमका कोणता' हे कुठून आलं? शिवाय ते फोटो निदान झालेल्या रुग्णांचे होते. म्हणजे "या मुलाला काही आजार आहे का?" हा प्रश्न त्या परीक्षेत नव्हताच, आजार आहे हे धरून त्याचं नाव ओळखायचं होतं. आणि ते तंत्र शिकलं होतं दोनशेहून थोड्या अधिक सिंड्रोमच्या फोटोंवर. त्याचे सात हजार कुणी केले, देव जाणे.

आता सगळ्यात घातक वाक्य: काही निघालं नाही तर मूल ठणठणीत. अहो, चेहऱ्यावर काहीच न दिसणारे दुर्मीळ आजार ढिगाने आहेत. विल्सनच्या आजारात यकृतात आणि मेंदूत तांबं साचत जातं. चेहऱ्याचा फोटो कितीही स्वच्छ काढा, त्यात काय दिसणार? वेळेत कळलं तर तो औषधांनी आटोक्यात राहतो. "फोटोत काही नाही" म्हणून घरी बसलात तर यकृत वाट बघत नाही. बहिणीला सांगितलंय, चाचणीची तारीख हलवायची नाही.

"मग लक्षणं लिहितो की!" लिहा. पण कोणती? ड्युशेन हा स्नायूंचा आजार घ्या. मुलगा सारखा पडतो, जिना चढताना दमतो आणि रक्तात एसजीपीटी-एसजीओटी ही यकृताच्या तपासणीतली एन्झाइम्स वाढलेली. आईवडील लिहिणार, 'अशक्तपणा, लिव्हरचा रिपोर्ट खराब'. साधन इमानेइतबारे यकृताच्या आजारांची यादी काढणार. पण ही एन्झाइम्स स्नायूंमधूनही रक्तात उतरतात. जमिनीवरून उठताना मूल आधी ओणवं होतं, मग गुडघ्यांवर, मग मांड्यांवर हात रेटत स्वतःच्याच अंगावर चढल्यासारखं उभं राहतं. याला गॉवर्स साइन म्हणतात. त्यात पोटऱ्या फुगीर दिसल्या की जाणकार डॉक्टर सीपीके ही स्नायूंची इजा दाखवणारी रक्तचाचणी करायला सांगतात आणि तपासाची दिशाच बदलते. हे दिसणारा डोळा हवा. नुसतं टाइप करून भागत नाही.

गंमत म्हणजे डॉक्टर वापरतात त्यातली बरीच साधनं जनुकीय चाचणीला पर्याय नाहीतच, ती चाचणीनंतरच्या कामाची आहेत. एक्सोमायझर हा प्रोग्रॅम घ्या. चाचणीत जनुकांमधले हजारो बदल सापडतात, बहुतेक निरुपद्रवी. डॉक्टरांनी नोंदलेली लक्षणं आणि हे बदल ताडून बघत एक्सोमायझर संशयित जनुकं वर आणतो. चाचणीच नसेल तर तो चाळणार काय?

एक मात्र मान्य करावंच लागतं. दुर्मीळ आजारांची निदानं सुटतात आणि घरची माणसं वर्षानुवर्षं एका दवाखान्यातून दुसऱ्यात फिरतात. १९९९ मध्ये इंग्लंडमधल्या इसाबेल मॉड या तीन वर्षांच्या मुलीचा गंभीर जंतुसंसर्ग कांजिण्यांच्या आड असा लपला की ती मरता मरता वाचली. तिच्या वडिलांनी मग डॉक्टरांना "याचाही विचार केलात का?" असं सुचवणारं साधन उभं केलं, त्याचं नावही इसाबेलच. कॉम्प्युटरचा उपयोग आहे, नक्की आहे. पण तो आठवण करून द्यायला, निकाल द्यायला नव्हे.

राहिलं ते लपवण्याचं. डीएक्सप्लेन हे डॉक्टरांना लक्षणांवरून संभाव्य आजार सुचवणारं साधन १९८० च्या दशकातलं आहे. ऑर्फानेट हे दुर्मीळ आजारांची माहिती देणारं संकेतस्थळ १९९७ पासून चालू आहे आणि ते कुणीही उघडून वाचू शकतं. फेस२जीन आरोग्यक्षेत्रातल्या व्यावसायिकांपुरतंच ठेवलंय, त्यातही गुपित काही नाही. दहा नावांच्या यादीतली किमान नऊ चुकीची असणार, क्वचित दहाही, हे धरूनच डॉक्टरांना पुढचा तपास करायचा असतो.