ट्रेबल बोचतो म्हणून वायर बदलायची?

घरच्या हाय-फायचा ट्रेबल, म्हणजे वरच्या सुरांचा आवाज, कानाला बोचत असेल, अर्ध्या तासात डोकं धरत असेल, तर त्यावर एक ठरलेला उतारा सांगितला जातो. चांदीचा मुलामा असलेल्या वायरी काढून शुद्ध तांब्याच्या लावा. स्पीकर 200 तास वाजू द्या. तरीही जमलं नाही तर ट्यूब ॲम्प (व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा ॲम्प्लिफायर) घ्या. आणि काहीही झालं तरी इक्वलायझरला (वेगवेगळ्या सुरांची पातळी कमी-जास्त करायच्या सोयीला) हात लावू नका, आवाज अशुद्ध होतो! जखम मांडीला आणि मलम शेंडीला, असा हा प्रकार आहे.

आधी वायर. चांदी चकचकीत, म्हणून तिचा आवाजही चकचकीत, एवढाच या समजाचा आधार दिसतो. चांदीची वाहकता तांब्यापेक्षा साधारण 6 टक्क्यांनी जास्त. आता 2.5 चौरस मिलिमीटर जाडीची, 3 मीटर लांब तांब्याची वायर घ्या. जाऊन-येऊन 6 मीटरचा रोध होतो 0.04 ओहम. स्पीकर 8 ओहमचा असेल तर वायरमुळे आवाज जेमतेम 0.04 डेसिबलने घटतो. ती वायर अख्खी चांदीची केली तरी 0.04 चे 0.038 ओहम होतील. नुसत्या मुलाम्याने तर तेवढंही होत नाही.

200 तासांच्या मुद्द्यात कणभर तथ्य आहे. वूफरची, म्हणजे खालचे सूर वाजवणाऱ्या मोठ्या पडद्याची, कड आणि आतला आधार सुरुवातीला थोडा सैल होतो. पण त्याचा संबंध बासशी, म्हणजे खालच्या सुरांशी. ट्वीटरचा, म्हणजे ट्रेबल वाजवणाऱ्या छोट्या भागाचा, घुमट हलतोच इतका कमी की त्यात सैल व्हायला फारसं काही नसतं. 200 तासांत सरावतो तो कान. शंका असेल तर फक्त डावा स्पीकर वाजवा, उजवा खोक्यात ठेवा आणि शेवटी दोन्ही शेजारी लावून ऐका. हा प्रयोग सुचवला की लोक विषय बदलतात.

ट्यूब ॲम्पने आवाज मऊ होतोच, याची खात्री देता येत नाही. अशा ॲम्पचा आउटपुट इम्पिडन्स (सिग्नलला होणारा आतला विरोध) बरेचदा जास्त असतो. समजा तो 2 ओहम आहे, आणि स्पीकरचा इम्पिडन्स सुरांनुसार कुठे 4 तर कुठे 20 ओहम. मग या दोन ठिकाणांच्या पातळीत सुमारे 2.7 डेसिबलचा फरक पडतो. 20 ओहमचा उंचवटा नेमका ट्रेबलमध्ये आला तर बोचरेपणा वाढेल. म्हणजे स्पीकरच्या इम्पिडन्सचा आलेख न बघता हा खर्च करणं हा निव्वळ जुगार.

आता त्या 'अशुद्ध' इक्वलायझरबद्दल. हे सांगणाऱ्यांतल्या अनेकांच्या घरी टर्नटेबल असतं, ही गंमतच आहे. रेकॉर्ड कापताना ट्रेबल चढवतात आणि वाजवताना फोनो स्टेज (टर्नटेबलचा सिग्नल वाढवणारं सर्किट) तो उतरवते. आरआयएए या अमेरिकी रेकॉर्ड उद्योगसंघटनेच्या ठरलेल्या आलेखानुसार 10 किलोहर्ट्झला तब्बल 13.7 डेसिबल! ते शुद्ध, आणि तुम्ही 2 डेसिबल उतरवलेत की अशुद्ध?

खरा शोध कानापासून सुरू करावा. कानाच्या नळीचा अनुनाद 3 किलोहर्ट्झच्या आसपास असतो, त्यामुळे 2 ते 5 किलोहर्ट्झमधला थोडासा फुगवटाही टोचतो. आपण ज्याला ट्रेबल म्हणून शिव्या देतो तो पुष्कळदा हाच पट्टा. गायिकेचा तार सप्तकातला 'आ' अंगावर येतो का, की फक्त 'स' शिट्टीसारखा कापतो? पहिलं असेल तर 3 किलोहर्ट्झकडे बघा, दुसरं असेल तर 5 ते 8 किंवा त्याच्याही वर.

माझ्याकडे 'आ'च टोचायचा. डावा स्पीकर उघड्या भिंतीपासून दोन फुटांवर. मी खुर्चीत बसलो आणि मुलाला आरसा भिंतीवरून सरकवायला सांगितलं. आरशात जिथे ट्वीटर दिसला, म्हणजे जिथून आवाज उसळून कानाकडे येतो, तिथे जाड रजई टांगली. खोली धोब्याच्या दुकानासारखी दिसू लागली खरी, पण त्या संध्याकाळी दोन तास ऐकूनही डोकं धरलं नाही. 'स' मात्र तसाच होता. स्पीकर थेट कानांवर रोखलेले होते, ते थोडे बाहेर वळवले. घुमटाचा आवाज जितका वरचा, तितका तो सरळ रेषेत जातो, त्यामुळे तिरकं बसलं की फक्त टोक बोथट होतं.

फक्त मोठ्या आवाजातच कर्कश वाटत असेल तर ॲम्प क्लिप होतोय का, म्हणजे ताकद संपून आवाज विकृत करतोय का, ते पाहा. एकाच अल्बमला बोचत असेल तर दोष रेकॉर्डिंगचा. हे सगळं करून जे उरलं, त्यासाठी मी 3 किलोहर्ट्झला दीड डेसिबल उतरवलं. वायरी जुन्याच आहेत.