गुअरेचे पाहुणे

पाहुण्यांनी बॅगा जमिनीवर ठेवल्या की मी मनातल्या मनात गुअरेचं नाव घेतो. लोक भुताच्या भीतीनं मारुतीचं घेतात तसं.

गुअरे मॅक कोल्मान हा सातव्या शतकातला, आयर्लंडच्या पश्चिमेकडच्या कोनाक्ट प्रांताचा राजा. बखरींत त्याच्याबद्दल फार काही नाही. 649 साली कार्न कोनलची लढाई हरला, 663 साली वारला. प्रसिद्ध झाला तो दानशूर म्हणून. तिथंच घात झाला.

पुढच्या शतकांत रचलेल्या एका कथेत महाकवी शेनखान त्याच्याकडे उतरतो. सोबत 150 कवी, 150 शिष्य, 150 कुत्रे, शिवाय गडीमाणसं आणि बायका. त्यांच्यासाठी आठ बाजूंचं घर बांधलं जातं. प्रत्येक मोठ्या पलंगाशेजारी एक बुटका पलंग, म्हणजे रात्री वाजलं तर रुसलेल्यानं तिकडं जाऊन झोपावं! हा तपशील ज्यानं लिहिला, त्यानं नक्कीच पाहुणे पोसले असणार.

आणि मागण्या? एकीला ऐन जानेवारीत पिकलेली ब्लॅकबेरी हवी. शेनखान स्वतः रुसून जेवेना, म्हणून त्याच्यासाठी अंडं ठेवलं, तर तेही उंदरांनी खाल्लं. त्यानं निंदाकाव्य म्हटलं आणि दहा उंदीर मरून पडले.

तुम्ही म्हणाल, हाकलायचं ना सरळ! तिथंच तर गोम आहे. जुन्या आयरिश कायद्यात अब्रूच्या दामाला, म्हणजे अपमान झाला तर मिळायच्या भरपाईला, शब्दच 'तोंडाची किंमत' असा आहे. साध्या टोळीच्या राजाचं तोंड 7 कुमालांचं, प्रांताच्या राजाचं 14. एक कुमाल म्हणजे साधारण 3 दुभत्या गाई. म्हणजे गुअरेचं तोंड 42 गाईंचं. जेवण नाकारलं आणि कवीनं निंदा रचली, की गोठ्यातल्या गाई तशाच, पण हिशेबातल्या या 42 गेल्या.

सुटका केली ती राजाच्या भावानं, डुकरं राखणाऱ्या मार्वान बैराग्यानं. त्यानं आधी कवींना घसा बसेपर्यंत गुणगुणायला लावलं. मग म्हणाला, आता 'तॉइन'ची, म्हणजे गुरं पळवण्यावरून झालेल्या लढाईच्या जुन्या आयरिश वीरकथेची, गोष्ट पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगा. कुणालाच ती येईना. तेव्हा त्यानं बंधन घातलं: ती सापडेपर्यंत एका घरी दोन रात्री राहायचं नाही.