एफडीए कोणतं?

परवा ताईचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा त्यांच्याकडे भांडण रंगात आलं होतं. विषय वजन उतरवायच्या कॅप्सूल. भाचीने ऑनलाइन डबा मागवला होता आणि त्यावर इशारा म्हणून जे काही छापलंय ते भिंगाशिवाय दिसत नाही, म्हणून ताई तणतणत होती. भाऊजींनी नेहमीप्रमाणे निकाल देऊन टाकला, "आपल्याकडे कोण विचारतो? तिकडे एफडीए पास केल्याशिवाय बाटली दुकानात येत नाही. एक बॅच बिघडली तर घरी फोन येतो, आठवतंय ना?" मग कॅमेऱ्याकडे वळून, "काय गं, खरं की नाही?"

मी "हं" म्हटलं. इथे अमेरिकेत रात्रीचे अकरा वाजून गेले होते, सकाळी सातला मुलाची सॉकर मॅच होती, आणि भाऊजींना खोडून काढायचं म्हणजे पाऊण तासाची निश्चिंती. पण ते "हं" तेव्हापासून घशात अडकलंय.

मुळात भाऊजी म्हणतात ते एफडीए कोणतं? महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनालाही सगळे एफडीएच म्हणतात आणि त्याचं मुख्यालय वांद्रे-कुर्ला संकुलात आहे. भाऊजींना अर्थातच ते अभिप्रेत नाही. त्यांना मेरीलँडमधलं हवंय. पण त्या मेरीलँडच्या एफडीएने वजन उतरवायचं कुठलंही सप्लिमेंट विक्रीआधी 'पास' केलेलं नसतं. १९९४ साली इथे एक कायदा झाला आणि सप्लिमेंट हे अन्नाच्या खात्यात गेलं. औषधाला आधी सिद्ध करावं लागतं की ते गुणकारी आणि सुरक्षित आहे. सप्लिमेंट थेट बाजारात येतं आणि ते घातक आहे हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारवर पडते. वजन उतरवायच्या गोळ्यांत घालत त्या इफेड्रा वनस्पतीचंच घ्या. २००३ च्या फेब्रुवारीत बाल्टिमोर ओरिओल्स या बेसबॉल संघाचा पिचर स्टीव्ह बेकलर सरावात कोसळला आणि दुसऱ्या दिवशी गेला, वय २३. उष्माघातात इफेड्राचा हात होता असं तपासात निघालं. धोक्याच्या तक्रारी त्याआधी कित्येक वर्षं येत होत्या. बंदी आली ती २००४ मध्ये.

बाटलीच्या मागे एक चौकट असते: या विधानाची एफडीएने तपासणी केलेली नाही, हे उत्पादन कोणत्याही रोगाच्या निदानासाठी वा उपचारासाठी नाही. या चौकटीतल्या अक्षरांची किमान उंचीही नियमात ठरवून दिली आहे, इंचाचा सोळावा भाग. म्हणजे दीड मिलिमीटरच्या आसपास. ताई, तुझं भिंग इकडेही लागेल. शिवाय 'प्रोप्रायटरी ब्लेंड' नावाची सोय आहे. मिश्रणाचं एकूण वजन आणि घटकांची नावं लिहायची, कुठला घटक किती ते सांगायचं नाही. लोह असलेल्या गोळ्यांवर लहान मुलांच्या जिवाला धोका असल्याचा इशारा सक्तीचा आहे. यकृताला झेपणार नाही अशा अर्कांवर तसा काही नाही.

तिकडे आपल्या कायद्यांची कागदावरची अवस्था भाऊजी समजतात त्यापेक्षा पुष्कळ बरी आहे. १९५४ चा औषधी व जादूचे उपाय कायदा उघडून बघा. ज्या विकारांवर औषधाची जाहिरात करायचीच नाही त्यांच्या यादीत लठ्ठपणा आहे! मी वर्तमानपत्रातल्या 'आधी' आणि 'नंतर'च्या जोडफोटोंवर वाढलेली बाई, मला हे चाळिशीनंतर कळलं. पळवाट अशी की तीच वस्तू अन्न म्हणून विकली की ती औषध राहत नाही. मग तिला एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा, चौदा आकडी परवाना आणि 'औषधी उपयोगासाठी नाही' ही ओळ पुरते. आयुर्वेदिक म्हणून विकायची तर परवाना राज्याकडून घ्यायचा.

हे मी भाऊजींना सांगितलं असतं तर ते म्हणाले असते, "कायदा आहे, पण पाळतो कोण?" तेही खरंच. आणि मग मी नक्की न्यूयॉर्क काढलं असतं. एप्रिल २०२४ पासून तिथे १८ वर्षांखालच्या कुणालाही वजन उतरवायची किंवा स्नायू वाढवायची सप्लिमेंट विकता येत नाहीत, असं करणारं देशातलं पहिलं राज्य. बघा, इकडे निदान पोरांचा विचार होतो, असं म्हणून मी कॉलर ताठ केली असती. आपण राहतो त्या राज्यात तसा कायदा नाही हे मात्र गाळलं असतं. ही माझी जुनी खोड आहे. इकडच्यांशी बोलताना मी भारताची वकील होते आणि घरच्यांशी बोलताना अमेरिकेची, आणि दोन्हीकडे पुरावे माझ्या सोयीचे.

भाचीचं म्हणणं वेगळंच होतं: "मावशी, नॅचरल आहे गं, सगळं झाडपाल्याचं." म्हणून तिच्यासाठी २०१३ ची हवाईतली गोष्ट. धडधाकट माणसं कावीळ होऊन इस्पितळात यायला लागली. त्यातल्या बहुतेकांनी ऑक्सीएलिट प्रो नावाचं वजन उतरवायचं सप्लिमेंट घेतलेलं. एकाचा मृत्यू झाला, काहींवर यकृत बदलायची वेळ आली. संशय ज्या घटकावर गेला त्याचं नाव एजेलिन. हे मूळ बेलाच्या झाडात सापडणारं द्रव्य, बेलाच्या शास्त्रीय नावावरूनच त्याचं नाव पडलं. बाटलीतलं मात्र प्रयोगशाळेत बनवलेलं होतं. झाडाचं नाव लागलं की वस्तू सोवळी होत नाही, भाचे.

आणि जे लेबलवर नसतंच त्याचं काय करायचं? सिब्युट्रामिन हे भूक मारणारं औषध हृदयविकार आणि पक्षाघाताच्या धोक्यामुळे अमेरिकेत २०१० मध्ये बाजारातून गेलं, भारताने २०११ मध्ये बंद केलं. पण २००७ ते २०१६ या काळात एफडीएने औषधांची भेसळ म्हणून नोंदवलेल्या ७७६ सप्लिमेंटमध्ये वजन उतरवायची ३१७ होती आणि त्यातल्या बहुतेकांत हेच निघालं. त्यावर इशारा छापणार कोण, भेसळ करणारा?

आता त्या फोनचं.

तीन वर्षांपूर्वी भारतात जायच्या आधी दीड महिना मी ग्रीन टीच्या अर्काच्या कॅप्सूल घेत होते. रोज दोन, उपाशीपोटी, कारण बाटलीवर तसंच लिहिलं होतं. युरोपात असते तर २०२२ च्या नियमाने त्याच बाटलीवर 'उपाशीपोटी घेऊ नये' असं छापावं लागलं असतं. का घेत होते? दारात पाऊल ठेवलं की कुणीतरी म्हणणार, "तिकडचं पाणी मानवलेलं दिसतंय." इथे सोळा वर्षांत माझ्या वजनाबद्दल एक अक्षर कुणी काढलेलं नाही. मला तो सभ्यपणा वाटायचा. हल्ली वाटतं, तेवढं बोलण्याइतकं जवळचं इथे कुणी नाही.

त्या वर्षी ते वाक्य कुणी म्हटलं नाही. ताई म्हणाली, "अगं, किती बारीक झालीस, काय करतेस?" मी बॅगेतून न उघडलेली दुसरी बाटली काढून तिच्या हातात ठेवली. तिच्या डोळ्यांत जो काही भाव होता तो मला फार सुखाचा वाटला, हे कबूल करते.

परत आल्यावर आठवड्याभरात अंगाला खाज सुटली, लघवी गडद व्हायला लागली. अर्जंट केअरमध्ये फॉर्मवर 'चालू औषधं' या रकान्यात मी 'काही नाही' लिहिलं. खोटं बोलायचं म्हणून नाही, ते औषध आहे असं डोक्यातच नव्हतं. डॉक्टरने दोनदा विचारलं, व्हिटॅमिन? हर्बल? मग कुठे आठवलं. एएलटी, म्हणजे यकृताला इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम, तीनशेच्या वर होतं. कॅप्सूल बंद केल्या, दोन महिन्यांत आकडा खाली आला. माझं नशीब.

त्याच रात्री ताईला फोन लावला. खरं सांगायचं ठरवूनच लावला होता. पण तिचा "बोल गं" ऐकला आणि मला त्या बाटलीवरचा तिचा विश्वास मोडवेना, किंवा माझ्यावरचा. मी म्हटलं, "ताई, त्या गोळ्या घेऊ नकोस. कंपनीने ती बॅच परत मागवली आहे. इकडे सगळ्यांना फोन येतायत."

"बघा," पलीकडे ती भाऊजींना सांगत होती, "याला म्हणतात व्यवस्था."