पहिलीतल्या मुलाला तिसरी भाषा: त्या मेसेजला उत्तर

'हिंदी राष्ट्रभाषा आहे. ती पहिलीपासून शिकवायची हे केंद्राच्या नव्या शैक्षणिक धोरणातच आहे. लहान मुलं भाषा पटकन उचलतात. इंग्रजी चालते, मग हिंदीचंच वावडं का? आणि नको असेल तर दुसरी भाषा घ्यायची मुभा दिलीच होती की!' हा मेसेज 2025 च्या एप्रिलपासून वेगवेगळ्या रूपांत फिरतोय. 29 जूनला महाराष्ट्र सरकारने पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा करणारे एप्रिल आणि जूनमधले दोन्ही शासन निर्णय मागे घेतले, त्रिभाषा धोरणावर अर्थतज्ज्ञ नरेंद्र जाधवांची समिती नेमली, तरी मेसेज थांबला नाही. परवा आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर पुन्हा आला. मी मेळघाटातल्या जिल्हा परिषद शाळेत पहिलीला शिकवते, म्हणून एकेक दावा घेऊन उत्तर देते.

राष्ट्रभाषेचं आधी. आपल्या राज्यघटनेने कोणत्याही भाषेला राष्ट्रभाषा केलेलं नाही. अनुच्छेद 343 प्रमाणे हिंदी ही संघराज्याची राजभाषा, म्हणजे केंद्राच्या कारभाराची भाषा. गुजरात उच्च न्यायालयानेही 2010 मध्ये सांगितलं की हिंदीला राष्ट्रभाषा ठरवल्याची कुठे नोंद नाही. हा मुद्दा इथेच संपतो.

धोरणात सक्ती आहे म्हणणाऱ्यांनी 2020 च्या धोरणातला परिच्छेद 4.13 वाचावा. कोणत्याही राज्यावर कोणतीही भाषा लादली जाणार नाही, हे त्यात स्पष्ट आहे. तीन भाषा कोणत्या, हे राज्यांनी, त्या त्या भागाने आणि विद्यार्थ्यांनी ठरवायचं. अट एकच, तीनपैकी किमान दोन भारतीय हव्यात. मराठी अधिक आणखी कोणतीही भारतीय भाषा घेतली की ती अट पुरी होते. आणि कधी? 2023 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात तिसरी भाषा सहावीपासून आहे. मग पहिलीची घाई कुठून आली?

आता मुलं पटकन उचलतात हा दावा. त्यात तथ्य आहे, आणि ते मी रोज बघते. आमच्या मुलांच्या घरात कोरकू बोलतात. ही भाषा मराठीच्या कुळातली नाही, मुंडा कुळातली. धारणीच्या बाजारात हिंदी चालते, ती पोरं पुस्तकाशिवाय शिकतात. दुकानदाराशी हिंदीत घासाघीस करणारं पोर मला नवीन नाही. पण कानावर पडून बोलता येणं वेगळं आणि लिहायला-वाचायला शिकणं वेगळं. तेच धोरण परिच्छेद 4.12 मध्ये सांगतं की सुरुवातीचं वाचन-लेखन मातृभाषेत, इतर भाषांतलं तिसरीपासून पुढे. लहान मुलं भाषा पटकन शिकतात हेही त्याच परिच्छेदात आहे. मेसेजवाले तेवढंच घेतात आणि हे पुढचं सोडून देतात.

माझ्या वर्गातली एक मुलगी घरी पाण्याला 'डा' म्हणते. शाळेत तिने 'पाणी' शब्द शिकला. लिहिताना मात्र 'पानी' व्हायचं. ण आणि न वेगळे ऐकायला, मग वेगळे गिरवायला तीन आठवडे गेले. ज्या दिवशी पाटीवर न चुकता 'पाणी' आलं, त्या दिवशी ती पाटी घेऊन वर्गभर फिरली. आता पुढच्याच तासाला हिंदीचं पुस्तक उघडून तिला सांगायचं, 'पानी' बरोबर आहे? आपल्याकडे पाकळीचा ल, तिकडच्या पुस्तकात दंडाचा. मराठीत 'शिक्षा' म्हणजे छडी, हिंदीत शिक्षण. लिपी एकच म्हणून सोपं जाईल असं मोठ्यांना वाटतं. सहा वर्षांच्या मुलाला त्यामुळेच जास्त गोंधळायला होतं. पाचवीपर्यंत मराठी पक्की झाली की हाच फरक मुलांना गमतीचा वाटतो. आपल्याकडे हिंदी पाचवीपासून होतीच, आम्ही सगळे तशीच शिकलो. ती काढून टाका असं मी म्हणत नाही.

इंग्रजी 2000 सालापासून पहिलीत आहे. तेव्हापासून मराठी शाळेतलं मूल दोन लिप्या एकदम शिकतंय, आणि आमच्याकडे तर घरची भाषा धरली तर ओझं आधीच तिघींचं आहे. त्यावर चौथी नको, एवढंच म्हणणं आहे. उद्या कोणी हिंदीऐवजी तमिळ पहिलीत आणली तरी मी हेच लिहीन.

राहिली मुभा. 17 जूनच्या सुधारित निर्णयात हिंदीऐवजी दुसरी भाषा घ्यायची सोय होती खरी, पण त्यासाठी एका शाळेतल्या एका इयत्तेत किमान 20 मुलांची मागणी हवी होती. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे साठ मुलांपर्यंतच्या प्राथमिक शाळेला दोन शिक्षक मिळतात. आम्ही दोघंच आहोत आणि चार वर्ग सांभाळतो. पहिलीच्या पटावर यंदा 11 मुलं आहेत.