व्यायाम गोळ्यांपेक्षा ‘दीडपट’ प्रभावी? हा भागाकारच करता येत नाही

नैराश्यावर व्यायाम हा औषधांपेक्षा आणि समुपदेशनापेक्षा दीडपट प्रभावी, असा दावा २०२३ पासून फिरतो आहे. तो कुणी मनाने रचलेला नाही. साउथ ऑस्ट्रेलिया विद्यापीठातल्या संशोधकांनी आधीच्या आढाव्यांचा घेतलेला एक मोठा आढावा त्या वर्षी ‘ब्रिटिश जर्नल ऑफ स्पोर्ट्स मेडिसिन’मध्ये आला आणि त्याच्या प्रसिद्धिपत्रकात हा ‘दीडपट’ होता. व्यायामाने नैराश्य हलकं होतं, याबद्दल माझं दुमत नाही. चालायला जरूर जा. पण हा आकडा वाचून कुणी चालू गोळ्या सोडल्या तर काय, याची मला काळजी वाटते.

‘त्यात ९७ आढावे, १,०३९ चाचण्या, सव्वा लाखाहून जास्त माणसं, मग निष्कर्ष पक्काच,’ असं यावर कुणी म्हणेल. चाचण्यांची संख्या मोठी आहे, पण त्यांतली मोजमापं एक नाहीत. कुठे नैराश्य मोजायची हॅमिल्टन मापनश्रेणी, ५२ पैकी गुण, ते डॉक्टर देतात. कुठे बेकची प्रश्नावली, ६३ पैकी, ती रुग्ण स्वतः भरतो. कुठे २७ गुणांची पीएचक्यू-९ ही प्रश्नावली. हे सगळं एकत्र आणायला प्रत्येक चाचणीतला गुणांचा फरक त्याच चाचणीच्या प्रमाण विचलनाने, म्हणजे रुग्णांचे गुण एकमेकांपासून किती पसरलेत त्या मापाने, भागतात. येणाऱ्या आकड्याला ‘परिणाम’ म्हणतात; त्याला एकक उरत नाही, म्हणून तो कुठल्याही आकड्याशेजारी ठेवता येईल असं वाटतं.

इथेच घोळ होतो. समजा, दोन उपचारांनी हॅमिल्टनवर सारखेच ३ गुण कमी झाले. एका चाचणीत साधारण सारख्याच तीव्रतेचे रुग्ण निवडले होते, प्रमाण विचलन ६, परिणाम ०.५. दुसरीत सौम्यापासून तीव्रापर्यंत सगळे होते, विचलन १०, परिणाम ०.३. रुग्णांना मिळालेला आराम तेवढाच, पण कागदावर पहिला उपचार दीडपटीहूनही सरस! फरक उपचारात नव्हता, कुणाला चाचणीत घेतलं यात होता.

‘व्यायाम ०.४३, औषधं ०.३०, भागून बघा.’ हे ०.३० कुठलं? २०१८ साली ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या मेटा-अ‍ॅनालिसिसमधलं, म्हणजे अनेक चाचण्यांचे निकाल एकत्र करून केलेल्या हिशेबातलं: २१ औषधं, ५२२ चाचण्या, तुलना प्लासिबोशी, म्हणजे औषध नसलेल्या खोट्या गोळीशी. खोटी गोळी घेणाऱ्यालाही बरंच बरं वाटतं, आणि ते वजा करून उरलेला हा आकडा आहे. व्यायामाला खोटी गोळी नसते. त्याची तुलना बऱ्याचदा प्रतीक्षायादीतल्या किंवा नेहमीचेच उपचार चालू असलेल्या माणसांशी होते, आणि आपण व्यायाम करतो आहोत हे रुग्णाला पक्कं ठाऊक असतं. शिवाय ०.४३ हा २०२३ च्या त्या आढाव्यातल्या वेगवेगळ्या आढाव्यांच्या निकालांचा मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा आहे. त्यांत निदान झालेले रुग्ण आहेत, दीर्घ आजार असलेले आहेत आणि सर्वसाधारण लोकही. दोन्ही आकडे दशांशात लिहिलेत, एवढंच त्यांच्यात सारखं.

मूळ शोधनिबंधाची भाषाही सावध आहे: परिणाम औषधं आणि मानसोपचारांइतका किंवा किंचित जास्त. ‘दीडपट’ ही उडी त्यानंतरची.

‘निदान परिणाम मोठा आहे, हे तरी माना.’ किती मोठा, ते चाचणीच्या दर्जावर ठरतं. वैद्यकीय पुराव्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या २०१३ च्या आढाव्यात ३५ चाचण्यांमधून व्यायामाचा परिणाम ०.६२ आला होता. मग कोण कुठल्या गटात जाणार हे आधी कुणाला कळू न दिलेलं, निकाल तपासणाऱ्याला कोण कुठल्या गटात हे माहीत नसलेलं आणि मध्येच सोडून गेलेल्यांनाही हिशेबात धरलेलं, अशा चाचण्या बाजूला काढल्या. त्या निघाल्या ६. त्यांचा परिणाम ०.१८, आणि तोही संख्याशास्त्रीय निकषावर ठाम नाही.

व्यायाम सरस की औषध, हे विचारायचंच असेल तर एकाच चाचणीत, एकाच प्रकारच्या रुग्णांना दोन गटांत वाटून, एकाच मापाने विचारावं लागतं. असं विचारलेलं आहे, आणि त्याच कॉक्रेन आढाव्यात आहे. औषधाशी थेट तुलना करणाऱ्या ४ चाचण्यांत फरक ०.११, मानसोपचाराशी तुलना करणाऱ्या ७ चाचण्यांत ०.०३. दोन्ही ठिकाणी व्यायाम सरस असल्याचं सिद्ध होत नाही. चाचण्या थोड्या आहेत, हे खरं; पण प्रश्नाचं सरळ उत्तर अशाच चाचण्या देतात.

गोळ्या चालू असतील तर व्यायाम त्यांच्या जोडीला सुरू करा. गोळी अचानक थांबवली तर चक्कर, झोप उडणं, अस्वस्थता असा त्रास होऊ शकतो आणि आजार उलटू शकतो. म्हणून मात्रा कमी करायची ती डॉक्टरांशी बोलून, टप्प्याटप्प्याने.