होळीला पुढे, दिवाळीला मागे

आमच्या न्यू जर्सीच्या घरात वेळ दाखवणाऱ्या एकूण अकरा वस्तू आहेत आणि त्यांपैकी नेमक्या कोणत्या वस्तूंना स्वतःची अक्कल आहे, हे मला वर्षातून दोनदा नव्याने शोधून काढावे लागते. फोन आणि संगणक मध्यरात्रीनंतर मुकाट्याने आपापली वेळ बदलून घेतात. मायक्रोवेव्ह, ओव्हन, स्नानगृहातले घड्याळ आणि मुलाच्या उशाशी असलेले गजराचे घड्याळ यांना मात्र हाताला धरून शिकवावे लागते. गाडीतल्या घड्याळाची कळ कोणत्या यादीच्या पोटात दडलेली आहे, हे मला वीस वर्षांत उमगलेले नसल्यामुळे ते बारमाही उन्हाळी वेळेवर चालते. त्यामुळे नोव्हेंबर ते मार्च मी गाडीत बसलो की सर्वत्र एक तास उशिरा निघाल्याचा धसका घेतो आणि मग एक तास लवकर पोहोचतो.

ज्यांना हा छळ ठाऊक नाही, त्यांच्यासाठी सांगतो. अमेरिकेत मार्च महिन्याच्या दुसऱ्या रविवारी पहाटे दोन वाजायच्या क्षणी एकदम तीन वाजतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पहाटे दोन वाजायच्या क्षणी पुन्हा एक वाजतो. मी येथे आलो तेव्हा हे एप्रिलच्या पहिल्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी होत असे. मी ते मोठ्या कष्टाने पाठ केले आणि २००७ साली सरकारने तारखा बदलल्या. पुढे की मागे, हे लक्षात ठेवण्यासाठी इंग्रजीत ऋतूंच्या नावांवर श्लेष करून रचलेली एक ओळ आहे, परंतु परभाषेतला श्लेष ऐन वेळी मला नेहमी उलटाच आठवतो. शेवटी बायकोने घरगुती ओवी रचली : ‘होळीला तास जळतो, दिवाळीला परत मिळतो.’ अधिक मासाच्या वर्षी सणांच्या तारखा थोड्या पुढे सरकतात, पण तेवढी सूट कवितेला द्यावी.

या अकरा वस्तूंतली अकरावी म्हणजे माझ्या आजोबांचे लंबकाचे, टोल्यांचे घड्याळ. आईच्या दोन नऊवारी लुगड्यांत गुंडाळून आम्ही ते पुण्याहून विमानाने आणले. निघण्यापूर्वी पेठेतल्या घड्याळजींनी ते साफ करून दिले आणि बजावले, ‘‘काटे पुढे हवे तितके फिरवा, मागे कधीही फिरवायचे नाहीत. टोल्यांचं गणित बिघडतं.’’ मार्चमध्ये ही अट जाचक नाही. नोव्हेंबरमध्ये मात्र एक तास मागे जायचे असेल तर अकरा तास पुढे जावे लागते, आणि तेही वाटेतला प्रत्येक टोला पूर्ण वाजू देऊन. पहिल्या वर्षी मी शनिवारी रात्री दहा वाजता या कार्याला बसलो. दहापासून नऊपर्यंत जाताना तासांचे अडुसष्ट आणि अर्ध्या तासांचे अकरा, असे एकोणऐंशी टोले पडतात, हे गणित मी आधी केले असते तर बसलो नसतो. आमची आणि शेजारची भिंत एकच आहे. दुसऱ्या दिवशी शेजारच्या आजींनी माझा हात हातात घेऊन, घरात कोणी गेले का, असे फार हळुवारपणे विचारले.

पुढच्या वर्षी मी दुसरा उपाय केला. दहाला लंबक हाताने थांबवायचा, तासाभराने पुन्हा हलवून सोडायचा, की झाले. तो तास मोजत मी सोफ्यावर बसलो आणि तिथेच झोपलो. जाग आली तेव्हा फोनमध्ये चार वाजले होते. फोनने स्वतःची वेळ केव्हाच बदलून घेतली होती. मी अर्धवट झोपेत त्यातून आणखी एक तास वजा केला आणि कर्तव्यपूर्तीच्या समाधानाने घड्याळ तीनवर लावून ठेवले. त्या सकाळी मुलगा रविवारच्या मराठी शाळेत एक तास उशिरा पोहोचला. निम्मी मुले एक तास लवकर येऊन बाहेर कुडकुडत उभी होती, असे समजल्यावर मला थोडे बरे वाटले.

खरे तर या घड्याळाला असल्या उलथापालथी नव्या नाहीत. ते गिरगावातल्या खोलीत होते तेव्हा देशभर १९०६ पासून प्रमाणवेळ लागू झालेली होती, पण मुंबई आपली स्वतःची, एकोणचाळीस मिनिटांनी मागे असलेली वेळ १९५५ पर्यंत उराशी धरून बसली होती. कोणी वेळ विचारली की ‘‘कुठली? मुंबईची की स्टँडर्ड?’’ असा उलट प्रश्न येत असे, असे आजोबा सांगत. त्यातच महायुद्धाच्या काळात, १९४२ पासून १९४५ पर्यंत, हिंदुस्थानची घड्याळे तासभर पुढे नेलेली होती. ज्या घड्याळाने युद्ध आणि महानगरपालिका या दोन्हींना तोंड दिले, ते माझ्यासारख्या माणसापुढे नमते घेईल अशी अपेक्षा ठेवणेच चूक होते.

घरातल्या घड्याळांचे एक वेळ निभावेल. खरी पंचाईत पुण्याशी बोलताना होते. आमच्यात आणि पुण्यात उन्हाळ्यात साडेनऊ तासांचे अंतर असते, हिवाळ्यात साडेदहा तासांचे. भारताने आपले घड्याळ हलवलेले नसल्यामुळे ‘हा बदल तुम्ही केलात, तेव्हा लक्षात तुम्हीच ठेवा’ अशी पुण्याची भूमिका आहे आणि ती मला नेहमीच तर्कशुद्ध वाटत आली आहे. लंडनला असलेल्या चुलतभावाला तुलनेने सुख आहे : हिवाळ्यात भारतीय वेळेचे काट्यांचे घड्याळ उलटे धरले की लंडनची वेळ दिसते. मात्र तिकडे घड्याळे मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतात. त्यामुळे वर्षातले काही आठवडे असे येतात, की आमचे बदललेले असते आणि त्याचे नाही, किंवा त्याचे बदललेले असते आणि आमचे नाही. अ‍ॅरिझोनातली मावसबहीण हे सगळे शांतपणे ऐकून घेते, कारण तिचे राज्य घड्याळाला हातच लावत नाही. अर्थात त्याच राज्यातला नाव्हाहो लोकांचा प्रदेश लावतो, आणि त्या प्रदेशाने वेढलेला होपी लोकांचा प्रदेश लावत नाही. तिकडे सहलीला गेलो असताना एका दिवसात जेवणाची वेळ कितीदा झाली, हे मी मोजणे सोडून दिले होते.

२०२४ साली भाऊबीज आणि घड्याळ मागे घेण्याचा दिवस एकच आला, ३ नोव्हेंबर. ताईने आठवडाभर आधीच मला बजावले होते, ‘‘तुझे सकाळचे दहा म्हणजे आमचे संध्याकाळचे साडेसात. आंघोळ करून, नीट सदरा घालून बस.’’ तिने आठवड्यापूर्वी केलेला हिशेब आठवड्यापूर्वी अगदी बरोबर होता. त्या रविवारी पुण्यात साडेसात वाजले तेव्हा माझ्याकडे नऊच वाजले होते आणि सरकारने परत केलेला तास मी पांघरुणात उपभोगत होतो. फोन वाजला. समोर पैठणी नेसलेली ताई, तबकात निरांजन, सुपारी, अंगठी, मागे मेहुणे, भाचे आणि, का कोण जाणे, वरच्या मजल्यावरचे जोशी कुटुंब. मी दाढी वाढलेल्या अवस्थेत उशीला टेकून उठून बसलो. ‘‘पारोशानं ओवाळून घेतोस?’’ ताई म्हणाली. मी तिला अमेरिकी काँग्रेसचा कायदा समजावून सांगू लागलो, तेव्हा ‘‘वात विझेल’’ असे म्हणून तिने माझ्या कपाळाच्या अंदाजाने फोनच्या काचेवर कुंकू लावले आणि पुढची दहा मिनिटे मला सर्व काही लाल दिसले.

यापेक्षा गंभीर प्रसंग मुलाच्या पत्रिकेचा. त्याचा जन्म जुलैतला, दुपारी तीन वाजून चाळीस मिनिटांचा, असे रुग्णालयाचा दाखला म्हणतो. पुण्यातल्या गुरुजींनी पत्रिका केली, वृश्चिक लग्न काढले आणि मुलगा हट्टी निघेल असे सांगितले. तो तसा निघालाही. चार वर्षांनी कोणत्याशा निमित्ताने मी फोनवर उन्हाळी वेळेचा उल्लेख केला आणि पलीकडे बराच वेळ शांतता पसरली. ‘‘म्हणजे तो तास खोटा होता?’’ गुरुजींनी विचारले. ‘‘तुमच्याकडे सूर्यानं कुठे असावं हे सरकार ठरवतं का?’’ तास वजा करून पुन्हा मांडणी केल्यावर तूळ लग्न आले, आणि मुलगा समतोल वृत्तीचा, सर्वांशी जुळवून घेणारा असल्याचे निष्पन्न झाले. त्याला हे अजून कोणी सांगितलेले नाही. त्याच्या आईच्या मते कायदा काही म्हणो, तो वृश्चिकच आहे.

या साऱ्याचा जनक कोण, याचा शोध मी मार्चमधल्या एका झोपमोड झालेल्या रविवारी घेतला. बेंजामिन फ्रँकलिनला पुष्कळ लोक उगाचच दोष देतात. त्याने १७८४ साली पॅरिसच्या वर्तमानपत्राला एक गमतीचे पत्र लिहून, लोकांना पहाटे तोफा उडवून उठवले तर मेणबत्त्या वाचतील, एवढेच सुचवले होते. घड्याळाच्या काट्याला त्याने स्पर्श केला नव्हता. खरा पहिला गुन्हेगार न्यूझीलंडचा जॉर्ज हडसन. हे गृहस्थ वेलिंग्टनला टपालखात्यात नोकरी करत आणि सुटल्यावर किडे गोळा करत. किडे दिसायला संध्याकाळी उजेड हवा, म्हणून १८९५ साली त्यांनी उन्हाळ्यात घड्याळे चक्क दोन तास पुढे करण्याची सूचना मांडली. त्यानंतर इंग्लंडचे बांधकाम व्यावसायिक विल्यम विलेट. हे सकाळी घोड्यावरून रपेट करत आणि लोकांच्या घरांची तावदाने अजून झाकलेली पाहून हळहळत. त्यांनी १९०७ साली पत्रक काढले : एप्रिलच्या चार रविवारी वीस-वीस मिनिटे पुढे, सप्टेंबरच्या चार रविवारी तशीच मागे. म्हणजे वर्षाला आठ वेळा. माझ्या अकरा घड्याळांना आठाने गुणून पाहिल्यावर विलेट यांची योजना जशीच्या तशी मान्य झाली नाही याबद्दल मी ब्रिटिश संसदेचा मनापासून ऋणी झालो. पुढे महायुद्धात कोळसा वाचवण्यासाठी ३० एप्रिल १९१६ रोजी जर्मनीने घड्याळे पुढे केली, तीन आठवड्यांत इंग्लंडने केली आणि १९१८ साली अमेरिकेने. हे शेतकऱ्यांसाठी केले, असे येथे कोणीही छातीठोकपणे सांगते. वास्तविक शेतकऱ्यांनी इतका विरोध केला की १९१९ साली अमेरिकेला तो कायदा मागे घ्यावा लागला. गाय घड्याळ पाहून पान्हा सोडत नाही, हे त्यांना कोणी समजावण्याची गरज नव्हती.

मग हे बंद का होत नाही? बंद करावे याबद्दल जवळजवळ सर्वांचे एकमत आहे. घड्याळ कोणत्या बाजूला थांबवायचे याबद्दल नाही. युरोपच्या संसदेने २०१९ साली हा प्रकार थांबवण्याच्या बाजूने मत दिले आणि काटे अजून फिरत आहेत. अमेरिकेच्या सिनेटने मार्च २०२२ मध्ये कायमची उन्हाळी वेळ एकमताने मंजूर केली, आणि प्रतिनिधिगृहाने त्याकडे पाहिलेही नाही. तोवर मला हा राजकारण्यांचा आळस वाटत असे. पण त्या रात्री आमच्या जेवणाच्या टेबलावर हाच ठराव मांडल्यावर मला प्रतिनिधिगृहाची अडचण समजली. बायकोला कामावरून आल्यावर उजेडात फिरायला जायचे असते, म्हणून तिला कायम उन्हाळी वेळ हवी. मुलाची शाळेची बस सकाळी सातला येते. कायम उन्हाळी वेळ ठेवली तर जानेवारीत येथे सव्वाआठनंतर सूर्य उगवेल, हे कळताच त्याने हिवाळी वेळेची बाजू घेतली. अमेरिकेने १९७४ साली हा प्रयोग केला होता. जानेवारीत उत्साहाने सुरुवात झाली, पोरे काळोखात शाळेला निघू लागली, आणि वर्ष संपण्यापूर्वीच तो गुंडाळला गेला, असे मी सांगितले. ‘‘मग हिवाळी ठेव,’’ बायको म्हणाली, ‘‘जूनमध्ये पहाटे साडेचारला उजाडेल तेव्हा पक्ष्यांना चहा तू करून दे.’’ मी मधला मार्ग म्हणून अर्ध्या तासाचा प्रस्ताव ठेवला. ऑस्ट्रेलियाच्या लॉर्ड हाउ बेटावर लोक खरोखरच अर्ध्याच तासाने घड्याळे हलवतात, आणि शिवाय पुण्याशी पूर्ण दहा तासांचे अंतर पडून हिशेब सोपा होईल, असे दोन बिनतोड मुद्दे मी मांडले. दोघांनी एकमताने माझ्याविरुद्ध मत दिले. त्या टेबलावर त्या रात्री झालेले ते एकमेव एकमत.

या सर्व वादात आईचे मत कोणी विचारले नव्हते. तिने पुण्याच्या स्वयंपाकघरात, भारतीय घड्याळाशेजारी दुसरे एक घड्याळ टांगले आहे. त्याच्याखाली तिच्या अक्षरात ‘अमेरिका’ अशी चिठ्ठी चिकटवलेली आहे. साडेनऊ आणि साडेदहाच्या भानगडीत पडण्यापेक्षा वर मान करून पाहणे तिला बरे वाटते. मार्च आणि नोव्हेंबरमध्ये, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, आम्ही कितीही नको म्हटले तरी ती स्टुलावर चढून ते काटे स्वतः फिरवते. मला वाटते, सबंध सदाशिव पेठेत उन्हाळी वेळ पाळणारे ते एकच घड्याळ असेल.

गेल्या नोव्हेंबरात मी अकराही वस्तू प्रथमच बिनचूक लावल्या, लंबक तासभर थांबवून जागा राहिलो आणि झोपलो. सोमवारी फोन वाजला तेव्हा बाहेर मिट्ट काळोख होता आणि पाच वाजले होते. ‘‘उठलास का रे? सात वाजून गेले,’’ आई म्हणाली. मी फोनकडे पाहिले, मग भिंतीकडे पाहिले. तिने काटे मागे घेण्याऐवजी पुढे नेले होते. हे सांगितले तर ती तत्क्षणी पुन्हा स्टुलावर चढेल, हे मला पक्के ठाऊक होते. ‘‘हो, उठलोय,’’ मी म्हणालो. ‘‘आवाज झोपेतला वाटतोय. चहा घे आणि आवर, कामाला उशीर होईल,’’ ती म्हणाली. मी उठून चहा केला. मंगळवारीही केला आणि बुधवारीही. शनिवारी ताईने आईकडे जाऊन ते काटे जागेवर आणले, तोवर आमच्या घरी रोज पहाटे पाच वाजता सात वाजत होते.